थारला ३५ चे टायर घातले अन् पिकअप मेला? खरा विषय क्राऊन-पिनियनचा आहे

संध्याकाळी सातची वेळ. कांदिवली पूर्वेचा आकुर्ली रोड. रिक्षा, बस आणि बाईकच्या गर्दीत एक उंच केलेली थार उभी असते. टायर एवढे मोठे की शेजारची हॅचबॅक खेळण्यातली वाटावी. बघणारे मोबाईल काढून फोटो घेतात. पण सिग्नल सुटला की गाडी जरा कण्हते, क्लचचा वास येतो आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागतो.

गाडी नवीन, इंजिन दणकट, डिझेल चांगलं. मग बिघडलं काय?

बिघडलं काहीच नाही. फक्त टायर मोठे झाले आणि त्यांच्या मागचं गणित जुनंच राहिलं.

या गणिताचं नाव आहे ॲक्सल रेशो. गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर क्राऊन-पिनियन.

आधी हे क्राऊन-पिनियन म्हणजे काय ते बघू

इंजिन फिरतं, त्याची ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टला येते. हा शाफ्ट गाडीच्या लांबीत फिरतो, चाकं मात्र आडव्या ॲक्सलवर फिरतात. ताकद काटकोनात वळवायचं काम डिफरन्शियलमध्ये होतं. तिथे शाफ्टच्या टोकाला एक लहान गिअर असतो, तो पिनियन. त्याला लागून मोठा थाळीसारखा गिअर असतो, तो क्राऊन.

पिनियनला १० दाते आणि क्राऊनला ४१ दाते असतील, तर शाफ्ट ४.१० वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. म्हणून रेशो ४.१०. दाते ९ आणि ४१ असतील तर ४.५६. दाते ८ आणि ३९ असतील तर ४.८८.

आकडा मोठा, तेवढा चाकावर जोर जास्त आणि वेग कमी. आकडा लहान, तेवढा वेग जास्त आणि जोर कमी. गिअरच्या सायकलवर चढ चढताना जे होतं, तेच इथे होतं.

टायर मोठा झाला की जोर जातो कुठे?

रस्त्यावर गाडीला पुढे ढकलणारा जोर म्हणजे ॲक्सलवरचा टॉर्क भागिले चाकाची त्रिज्या. टॉर्क तेवढाच ठेवून त्रिज्या वाढवली की जोर कमी होणारच. यात इंजिनाचा दोष नाही.

प्रत्यक्ष आकड्यात बघू. २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेल्या थारच्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ हा टायर मिळाला. यातला २५५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के एवढी बाजूच्या भिंतीची उंची आणि १८ म्हणजे इंचात रिमचा व्यास. हिशोब केला की टायरची पूर्ण उंची येते साधारण ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच.

त्या जागी ३५ इंची टायर बसवला तर उंची होते ८८९ मिलिमीटर. वाढ जवळपास पावणेतेरा टक्के.

आता समजा गाडीचा रेशो ४.१० आहे. मोठ्या टायरमुळे तो ३.६४ असल्यासारखा वागायला लागतो. थारच्या डिझेल इंजिनाचा ३०० न्यूटन-मीटर टॉर्क चाकाखाली २६६ असल्यासारखा जाणवतो. लाखभर रुपये टायरवर घालायचे आणि इंजिन लहान करून घ्यायचं, असा हा सौदा. त्यात मोठ्या टायरचं वजन आलं, ते गोल फिरवायला लागणारा जोर वेगळाच.

मीटरही खोटं बोलायला लागतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ९० च्या वेगाने चाललेली असते. ओडोमीटर १०० किलोमीटर म्हणतो तेव्हा गाडी ११३ किलोमीटर पळालेली असते. म्हणून मोठे टायर घातल्यावर ॲव्हरेज पडल्याची तक्रार करणाऱ्यांचा अर्धा हिशोब तर मीटरमध्येच चुकलेला असतो. कॅमेऱ्याचं चलान मात्र खऱ्या वेगाचंच येतं.

उत्तर कांदिवलीतच आहे

आकुर्ली रोडला महिंद्राचा कारखाना आहे हे कांदिवलीकरांना सांगायची गरज नाही. याच कारखान्यातून ट्रॅक्टर बाहेर पडले. ट्रॅक्टरचं मागचं चाक माणसाच्या छातीपर्यंत येतं. तरीही ४०-५० हॉर्सपॉवरचं इंजिन ते चाक चिखलातून ओढून काढतं. कसं?

समजा चाकाचा व्यास १.३ मीटर आहे आणि ट्रॅक्टर ताशी ३० किलोमीटरने पळतोय. त्या वेळी चाक मिनिटाला फक्त सव्वाशेच्या आसपास फेरे घेतं. इंजिन फिरत असतं दोन हजारांच्या आसपास. म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरमध्येही इंजिनाच्या सोळा फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा. चाक मोठं, तर मागची गिअरची घटही मोठी. दोन्ही हातात हात घालून चालतात. चाक वाढवून घट तशीच ठेवली, तर तो ट्रॅक्टर शेताच्या बांधावरच बंद पडेल.

जुन्या जीपची गोष्टही तीच. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीस जीपची जुळणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस एमबीचा ॲक्सल रेशो होता ४.८८. त्यानंतरच्या सीजे-३बी मॉडेलचा रेशो ५.३८. टायर जेमतेम २८-२९ इंची आणि इंजिन ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास.

सीजे-३बीच्या पहिल्या गिअरचा रेशो २.८, ट्रान्सफर केसच्या लो गिअरचा २.४६ आणि ॲक्सलचा ५.३८. तिन्हींचा गुणाकार होतो ३७. याला क्रॉल रेशो म्हणतात. इंजिन ८०० आरपीएमवर असताना ही जीप ताशी तीन किलोमीटरने सरकते. चालणारा माणूस तिला मागे टाकेल, पण दगडधोंड्यांवर हाच संथपणा कामाला येतो. क्लच दाबावा लागत नाही, ब्रेक जाळावे लागत नाहीत. ताकद कमी असूनही जुनी जीप नदीपात्रातून का निघायची, याचं हे उत्तर.

मग नवा रेशो निवडायचा कसा?

सूत्र एका ओळीचं आहे.

नवा रेशो = जुना रेशो × नव्या टायरची उंची ÷ जुन्या टायरची उंची.

आपल्या उदाहरणात ४.१० गुणिले ३५ भागिले ३१. उत्तर येतं सुमारे ४.६२. पण नेमका ४.६२ चा गिअर बाजारात मिळेलच असं नाही. जवळचे दोन पर्याय उरतात, ४.५६ आणि ४.८८.

यातला कुठला घ्यायचा हे गाडीच्या वापरावर ठरतं. गणित करून बघा. ताशी ८० चा खरा वेग आणि सहाव्या गिअरचा रेशो समजा ०.८० आहे.

मूळ टायर आणि ४.१० असताना इंजिन फिरतं सुमारे १७६५ आरपीएमवर.
३५ चे टायर आणि ४.१० तसाच ठेवला तर १५६५.
३५ चे टायर आणि ४.५६ घेतला तर १७४०.
३५ चे टायर आणि ४.८८ घेतला तर १८६५.

आता हे आकडे इंजिनाशी जुळवा. थारच्या मॅन्युअल डिझेलला पूर्ण टॉर्क मिळतो १६०० ते २८०० आरपीएमच्या मध्ये. रेशो न बदलता ३५ चे टायर घातले की इंजिन त्या पट्ट्याच्या खाली घसरतं. म्हणून कसारा घाटाचा चढ लागला की सहाव्यातून पाचव्यात आणि पाचव्यातून चौथ्यात यावं लागतं. ४.५६ घेतला की गाडी जवळपास कंपनीतून आली तशी वागते. छपरावर कॅरिअर, पुढे लोखंडी बंपर, विंच आणि चार माणसं असा संसार कायम सोबत असेल तर ४.८८ बरा. मात्र हायवेला इंजिनचा आवाज आणि डिझेलचा खर्च थोडा वाढणार.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्याही हेच करतात. अमेरिकेत जीप रँग्लर रुबिकॉन ३३ इंची टायरसोबत ४.१० रेशोने विकली जाते. कंपनीने २०२१ मध्ये ३५ इंची टायरचं एक्स्ट्रीम रेकॉन पॅकेज आणलं, तेव्हा सोबत ४.५६ चा रेशो दिला. टायर वाढवले आणि गिअर तसेच ठेवले, असं कंपनीने केलं नाही.

पण थांबा, एवढा मोठा टायर हवाच का?

बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की टायर चार इंच वाढला की गाडी चार इंच उंच होते. तसं नसतं. ॲक्सल चाकाच्या मधोमध असतो, त्यामुळे त्याच्या खालची जागा फक्त निम्म्याने वाढते. ३१ वरून ३५ वर गेलात तर मिळतात दोन इंच.

थारवाल्यांचा आणखी एक आवडता टायर म्हणजे २८५/६५ आर १८. त्याची उंची ८२८ मिलिमीटर, म्हणजे साडेबत्तीस इंच. वाढ पाच टक्क्यांच्या आत. गाडी खालून वाढते दोन सेंटिमीटर. इथे ४.१० चा रेशो ३.९० सारखा वागतो. पिकअप थोडा मरतो, पण एक गिअर खाली घेऊन भागतं. एवढ्यासाठी क्राऊन-पिनियन उघडण्यात अर्थ नाही.

ढोबळ हिशोब असा. वाढ पाच टक्क्यांपर्यंत असेल तर गिअरला हात लावू नका. दहा टक्क्यांच्या पुढे गेलात तर टायरच्या बजेटमध्येच गिअरचं बजेट धरा. मधल्या पट्ट्यात असाल तर गाडी घाटात कशी चढते ते बघून ठरवा.

खर्चाचा आणि कष्टाचा भाग

फोर बाय फोर गाडीला डिफरन्शियल दोन असतात, पुढे एक आणि मागे एक. दोन्हींचा रेशो सारखाच लागतो. फक्त मागचा बदलून पैसे वाचवले, तर टू-व्हील ड्राइव्हमध्ये काही कळणार नाही. पण फोर-व्हील टाकलं की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात. चिखलात ती घसरून जातात, डांबरावर मात्र सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. म्हणजे वाचवलेले पैसे तिथे खर्च होतात.

गिअर बसवणं हेही नटबोल्ट आवळण्याएवढं सोपं नाही. पिनियन किती आत बसतो, दोन गिअरमध्ये किती फट राहते, बेअरिंगवर किती दाब आहे, हे सगळं पातळ शिम घालून जमवावं लागतं. दात्यांना रंग लावून गिअर फिरवायचा आणि ठसा दात्याच्या मधोमध उमटतो का ते बघायचं. काम चुकलं की आधी ॲक्सलमधून रडल्यासारखा आवाज येतो आणि मग दाते जातात. नवे गिअर बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी सांभाळून चालवायची आणि मग तेल बदलायचं.

आणखी एक मेख आहे. रेशोचा आकडा वाढतो तसे पिनियनचे दाते कमी होतात आणि पिनियन लहान होतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा आकडा घेणंही शहाणपणाचं नाही. आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न म्हणजे आपल्या ॲक्सलसाठी तो सेट मिळतो का. डॅना ४४ सारख्या प्रसिद्ध ॲक्सलला पर्याय भरपूर आहेत, प्रत्येक गाडीचं तसं नसतं.

गिअर बदलून सगळं सुटत नाही

क्राऊन-पिनियन बदलून पिकअप परत येतो, ब्रेक परत येत नाहीत. टायरची उंची पावणेतेरा टक्क्यांनी वाढली की गाडी तेवढ्याच अंतरात थांबवायला ब्रेकलाही तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. गाडीचा तोल वर सरकतो, वळणावर ती जास्त झुकते. स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण येतो. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर पुढचा अचानक थांबला तर हेच आकडे जिवावर येतात.

कायद्याचा मुद्दाही आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या आड येऊ शकतो. म्हणून फक्त स्पर्धेसाठी तयार केलेली गाडी ट्रेलरवर घालून ट्रॅकवर नेणं आणि रोज ऑफिसला जायची गाडी कंपनीच्या मापात ठेवणं, यात मोठा फरक आहे.

थोडक्यात काय, तर टायर, गिअर आणि ब्रेक हे एकाच कुटुंबातले आहेत. एकाला वाढवलं की बाकीच्यांना विचारावं लागतं. दुकानात टायरवर बोट ठेवण्याआधी मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा, जुनी उंची, नवी उंची आणि रेशो टाका. दोन मिनिटांचं काम आहे. क्लच प्लेट जळाल्यावर तेच गणित गॅरेजवाला करून दाखवतो, पण तेव्हा बिल आपल्या नावावर असतं.