फौजेतल्या लेकाचा नाताळ

दिवाळी आत्ताच झाली. सीमेवरच्या जवानांना शाळेतल्या मुलांनी पत्रं लिहिली, फराळाचे डबे गेले. चांगलं झालं. पण आपल्या नेवासा तालुक्यातले, वडाळ्याकडचे, राहुरी-श्रीरामपूरकडचे ख्रिस्ती मुलगेही फौजेत आहेत. त्यांच्या आईची दिवाळी २५ डिसेंबरला असते, आणि त्या दिवशी तिच्या घरी आपण फारसं डोकावत नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

हे लोक आपल्याला परके नाहीत. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली, म्हणजे दोनशे वर्षं होत आली. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपल्यातल्या कितीतरी जणी जातात. नाताळाचा फराळ तरी कुठे वेगळा आहे? करंज्या, चकल्या, लाडू, शंकरपाळी. घरावर कागदाची चांदणी लावायची आणि गाणी म्हणत घरोघर जायचं, एवढं काय ते निराळं.

मग शेजारणी विचारतात, "सणाला पोरगा आला नाही का? रजा मागितली नसेल." त्या आईला हे फार लागतं. खरी गोष्ट अशी की जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते, पण ती हक्काने घेता येत नाही. तुकडीत ठरावीक माणसं कायम हजर लागतात. त्यामुळे रजा पाळीपाळीने मिळते. मे महिन्यात बहिणीच्या लग्नाला महिनाभर राहून गेलेल्या पोराला डिसेंबरात पुन्हा सोडतीलच असं नाही. त्यात लडाखसारख्या ठिकाणी असला तर रस्त्याचा प्रश्न. काश्मीरमधून लडाखला जाणारा झोजिला घाट हिवाळ्यात बर्फाने बंद पडतो. मग विमानाची वाट बघायची, आणि हवा बिघडली की विमानही उडत नाही.

तिकडे सण अगदीच होत नाही असं नाही. फौजेत पंडित, ग्रंथी, मौलवी असतात तसे पाद्रीही धर्मगुरू म्हणून नेमलेले असतात. पुष्कळ ठिकाणी एकाच छपराखाली सगळ्या धर्मांची प्रार्थनेची जागा असते, तिला सर्वधर्मस्थळ म्हणतात. सणाला बडाखाना होतो, म्हणजे साहेब आणि जवान एकत्र जेवतात. पण हे सगळं छावणीत. वर चौकीवर मोजकीच माणसं असतात, तिथे कुठला पाद्री आणि कुठला बडाखाना! पहाऱ्याची पाळी असेल तर नाताळची रात्र बंदूक घेऊन उभ्यानेच जाते.

घरून काहीतरी पोचावं ही ओढ तेव्हापासूनचीच. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या नाताळाला, इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने निधी गोळा करून सैनिकांना पितळी डब्या वाटल्या होत्या. हिंदी शिपायांच्या वाट्याला खडीसाखर आणि मसाल्याची डबी आली होती. सरकारी भेट ती, बरी; पण आईच्या हातची करंजी नव्हे.

तर आता पार्सलाचं. पत्त्यावर त्याचा नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, युनिट, मग "मार्फत ५६ एपीओ" किंवा "मार्फत ९९ एपीओ" आणि शेवटी ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड. गावाचं नाव घालायचंच नाही. ५६ एपीओची डाक दिल्लीला फौजेच्या टपाल खात्याकडे जाते, ९९ ची कोलकात्याला. कुठलं युनिट आज कुठे आहे हे त्यांना ठाऊक असतं, ते पुढे पोचवतात. एपीओ बदलू शकतो, म्हणून मागच्या वर्षीच्या पाकिटावरून पत्ता उतरवू नका, मुलाला विचारून घ्या.

ओल्या नारळाच्या करंज्या पाठवू नका, वाटेत खराब होतील. सुक्या खोबऱ्याच्या करा. अनारशांचा चुरा होतो. चकली, शेव, शंकरपाळी डब्यात घट्ट भरा, वर कापड शिवून घ्या. काडेपेटी, लायटर, अत्तर आत नको, विमानाच्या टपालात ते चालत नाही. आणि थोडं जास्तीचं भरा. डबा एकट्याने कुणी खात नाही, तो उघडला की सगळी चौकी जमते. नोव्हेंबर संपायच्या आत पार्सल टाका.

फोनचं एक सांगते. बऱ्याच चौक्यांवर रेंज नसते. नाताळच्या दिवशी फोन आला नाही म्हणजे काही वाईट झालं, असं सुनेसमोर तरी बोलू नका. आला तर "कुठे आहेस" असं खोदून विचारू नका, आणि त्याचे वर्दीतले फोटो युनिटच्या नावासकट व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. त्याचा नंबर, हुद्दा, युनिट मात्र एका वहीत लिहून ठेवा. घरी अचानक कुणी आजारी पडलं आणि त्याला निरोप द्यायचा झाला, तर नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मागता येते, आणि तिथे पहिल्यांदा हेच विचारतात.

आमच्या शिंगणापुरात शनी अमावास्या आली की आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो. ती तारीख सोडून एक दुपार आमच्या गटाने ठरवली आहे. शेजारच्या गावातल्या ज्या ताईचा मुलगा वर आहे, तिच्याकडे आम्ही करंज्या लाटायला जाणार आहोत. दरवर्षी चांदणी तोच लावायचा, म्हणून यंदा लावायचीच नाही असं ती म्हणत होती. मी तिला सांगितलंय, शिडी आम्ही घेऊन येतो.