खेळाडूला ६.३ कोण देतं? रेटिंगमागचं गणित

रहिमतपूरला घरी गेलो की आमच्या ग्रुपमध्ये एकच वाद: "एवढा पळाला, तरी ६.३?" मुंबई सिटीची मॅच संपली की कुणी टीव्हीवरच्या तज्ज्ञाला शिव्या घालतो, कुणी ॲपला. पण ही दोन रेटिंग वेगळ्या पद्धतीने बनतात.

तज्ज्ञ मॅच बघून स्वतःच्या मताने आकडा देतो. ॲपमध्ये पास, शॉट, टॅकल अशा नोंदींना गुण असतात. हूस्कोअर्डवर प्रत्येक जण ६ पासून सुरू होतो. चांगल्या नोंदीने आकडा वाढतो, चुकीने घटतो.

मग गडबड कुठे होते? १३ मार्च २०२१, गोव्यातलं फातोर्डा, आयएसएल फायनल. मुंबईच्या अहमद जाहूने लांब पास टाकला. तो अडवताना एटीके मोहन बागानच्या टिरीच्या डोक्याला लागून बॉल त्याच्याच गोलमध्ये गेला. १-१! पण स्वयंगोलला असिस्ट धरत नाहीत. म्हणजे बरोबरी ज्या पासमुळे झाली, त्याच्या नावावर असिस्ट शून्य. पुढे ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला आणि मुंबई २-१ने जिंकली.

मी स्वतः कोड लिहितो, म्हणून सांगतो: कुठल्या नोंदीला किती गुण, हे माणूसच ठरवतो. आणि योग्य जागी उभा राहून, बॉलला पायही न लावता धोका टाळणाऱ्या डिफेंडरची तर नोंदच होत नाही.

म्हणून आधी खेळाडूच्या नावावर टॅप करा, आकड्याखालच्या नोंदी वाचा. मगच त्याच्या इन्स्टावर कमेंट टाका.