घुग्घुस ते लंडन : सिकलसेल असेल तर विमानात बसण्याआधी

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून आपल्या वस्त्यांतली मुलंमुली लंडनला शिकायला जातात. निवड झाली की घरात पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे आणि लोणच्याच्या बरणीची धावपळ सुरू होते. सिकलसेलचं कार्ड मात्र पेटीतच राहून जातं.

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना नऊ-दहा तास लागतात, येताना वारा पाठीशी असल्यामुळे थोडे कमी. पण घुग्घुसच्या माणसाचा हिशेब तिकिटावरच्या तासांनी होत नाही. मोरव्याच्या धावपट्टीवरून प्रवासी विमान मिळत नाही, म्हणून आधी नागपूर गाठायचं, रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. तिथून दीड तासात मुंबई, मग विमानतळावर ताटकळणं, मग मोठं विमान. घरून निघाल्यापासून वीस तास सहज जातात. तेवढा वेळ झोप अर्धवट, पाणी कमी आणि पाय लटकलेले.

विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडतं. आत हवेचा दाब वाढवलेला असतो, तरी तो जमिनीवरच्याइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंच डोंगरावर बसल्यासारखं असतं, म्हणजे श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. हवाही कोरडी आणि गार. प्राणवायूची कमतरता, पाण्याची कमतरता आणि थंडी, या तिन्हींमुळे सिकलसेल रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि दुखणं उठतं.

हा आजार वैद्यकीय नियतकालिकात पहिल्यांदा मांडला गेला तो १९१० साली, शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांच्याकडून. त्यांचा रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून समुद्र ओलांडून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण. तोही परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थीच!

वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) यांत गल्लत करू नका. वाहकाला विमानप्रवासात सहसा त्रास होत नाही, भरपूर पाणी प्यावं एवढंच. रुग्णाने मात्र तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटावं, हिमोग्लोबिन तपासावं. विमानात प्राणवायू लागेल असं डॉक्टर म्हणाले तर विमान कंपनीला आधी कळवावं लागतं, ऐनवेळी जमत नाही. तपासणीच झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने पक्कं निदान करून घ्यावं.

हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड आणि दुखण्याच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग हरवली तर औषधंही जातात. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवीच. पाण्याची रिकामी बाटली न्या, सुरक्षा तपासणी झाली की भरा. दारू नको. पायमोजे, स्वेटर अंगावर, आणि मार्गिकेच्या कडेची जागा मागून घ्या, म्हणजे तासा-दीड तासाने उठून चालता येईल. छातीत दुखलं, दम लागला, तर संकोच न करता लगेच विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगा.

दुखण्याचा झटका येऊन दहा दिवस झाले नसतील तर विमानात बसू नये, असा विमान कंपन्यांच्या वैद्यकीय मार्गदर्शनातच संकेत आहे. अशा वेळी तारीख पुढे ढकला. डॉक्टरांचा दाखला जोडून विद्यापीठाला उशिरा येण्याबद्दल कळवता येतं.