कुंपणावरचा अडुळसा
खोकल्याच्या बाटलीवर ‘ब्रोमहेक्सिन’ किंवा ‘अँब्रॉक्सॉल’ लिहिलेलं पाहिलंय? या दोन्ही औषधांचं मूळ अडुळशातल्या व्हॅसिसिनमध्ये आहे! चिकट कफ पातळ करणं हे त्यांचं काम. आमच्याकडे अडुळशाची पिकलेली पिवळी पानं धुऊन, वाफवून, पिळून रस काढतात आणि कोमट झाला की मध घालतात. चव? कडू जहर. गरोदरपणात अडुळसा टाळाच, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

एकामागून एक शिंका, डोळ्यांना खाज, म्हणजे ॲलर्जी असेल तर अशा रसावर फार भिस्त नको. मिठाच्या पाण्याने नाक धुवा. पण पाणी उकळून गार केलेलंच, थेट नळाचं नाही. सर्दी झाल्यावर व्हिटॅमिन सीच्या गोळ्या सुरू करून फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा आवळा खा, निदान चवीला तरी बरा! धाप लागली तर मात्र थेट डॉक्टर.