नमुना पावसातच घ्यायचा

‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं एक मोठं तळं घ्या: ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. काठांचा उतार वजा केला तरी त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. त्या पाण्यात ३६ टक्क्यांच्या मोनोक्रोटोफॉसचं एक बूच, म्हणजे सहा-सात मिलिलिटर औषध मिसळलं, की भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा गाठली जाते. ही मर्यादा आहे लिटरमागे १ मायक्रोग्रॅम. पाण्याचा रंग बदलत नाही आणि एवढ्याशा औषधाचा वासही येत नाही.

यवतमाळ जिल्ह्याला पाण्यातलं विष मोजण्याची सवय नाही असं नाही. वणी, केळापूर भागातल्या भूजलातलं फ्लोराइड इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण फ्लोराइड खडकातून येतं, बारमाही असतं आणि त्याची मर्यादा मिलिग्रॅममध्ये आहे. साध्या किटमध्ये पाण्याचा रंग पाहून अंदाज येतो. कीटकनाशकाचं गणित त्याच्या हजारपट बारीक आहे. त्यासाठी गडद काचेची बाटली, बर्फाची पेटी, नमुना खराब होण्याआधी प्रयोगशाळेत पोचणारी गाडी आणि तिथे काही कोटींचं मास स्पेक्ट्रोमीटर लागतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, काय शोधायचं ते आधी ठरलेलं असावं लागतं. नेहमीच्या तपासणीत यंत्राला ज्या रसायनासाठी तयार केलेलं असतं, तेच ते दाखवतं. यादीत नाव नसलेलं रसायन समोरून वाहून गेलं तरी अहवालात येत नाही.

ही यादी कशी असते ते पाहण्यासाठी २०१७ कडे जावं लागतं. त्या खरिपात कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवाऱ्याचे तुषार थेट तोंडावर येत होते. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात गेले. त्यानंतर राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली: प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण, अॅसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस.

आता पिण्याच्या पाण्याचं राष्ट्रीय मानक, आयएस १०५००, उघडून त्यातला कीटकनाशकांचा तक्ता पाहा. डीडीटी आहे, एंडोसल्फान आहे, लिंडेन आहे, अॅट्राझिन आहे. वरच्या पाचांपैकी नावानिशी फक्त मोनोक्रोटोफॉस आहे. तक्ता बनवणाऱ्यांचा यात दोष काढण्यात अर्थ नाही. मानकं हळू बदलतात आणि कृषी केंद्राचं कपाट दर हंगामाला बदलतं. पण जिल्ह्यात माणसं मेल्यावर ज्या औषधांवर बंदी आली, त्यांतली चार त्या तक्त्यात नाहीत. फवाऱ्याचा वाटा अंगावर किती पडला याची चौकशी झाली. जमिनीवर पडलेला वाटा पुढे कुठे गेला, हा प्रश्न मात्र त्या वेळच्या बातम्यांच्या गर्दीत कुणाला विचारायला वेळ नव्हता.

तो वाटा जातो नाल्यात, पण प्रत्येक औषधाची वाट वेगळी असते. अॅसिफेट पाण्यात झपाट्याने विरघळतं, आणि मोडताना त्यातून मेथामिडोफॉस तयार होतं, जे मूळ औषधापेक्षा जास्त विषारी आहे. म्हणजे फक्त अॅसिफेट शोधणाऱ्याला निम्मीच गोष्ट सापडते. इमिडाक्लोप्रिडही पाण्याबरोबर जातं. सायपरमेथ्रिनचा स्वभाव नेमका उलट. ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, आणि आपली काळी माती तर बारीक चिकणकणांचीच. त्याचा प्रवास गढूळ पाण्यातल्या गाळावर बसून होतो. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकाच बाटलीतून एकाच पानावर पडतात, पण पावसानंतर पहिलं बऱ्याच अंशी पाण्यात आणि दुसरं गाळात शोधावं लागतं. नमुना गाळून फक्त स्वच्छ पाणी तपासलं, तर दुसऱ्याचा पत्ताच लागणार नाही.

मग प्रश्न येतो वेळेचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत इथेच आहे. १९७४ च्या जल कायद्यानंतर उभ्या राहिलेल्या आपल्या देखरेखीचं लक्ष प्रामुख्याने सांडपाण्यावर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात नदीचे नमुने दर महिन्याला किंवा तिमाहीला घेतले जातात. त्यांत ९ मुख्य आणि १९ इतर घटक पाहतात. निवडक नमुन्यांत धातू आणि २२ कीटकनाशकं तपासली जातात, पण अशा सूक्ष्म विषारी घटकांची पाळी वर्षातून एकदाच. सांडपाण्यासाठी ही पद्धत चालते, कारण शहराची गटारं रोज वाहतात. फवारणीचं तसं नाही. आज औषध मारलं आणि परवा दुपारी पाऊस कोसळला, तर पुढच्या काही तासांत जे वाहायचं ते वाहून जातं. आठवड्याने बाटली बुडवणाऱ्याला नितळ पाणी मिळतं आणि अहवाल चांगला येतो.

हा नुसता तर्क नाही. जर्मनीत लाइपझिगच्या हेल्महोल्ट्झ पर्यावरण संशोधन केंद्राने २०१८ आणि २०१९ मध्ये शेतांमधून वाहणारे शंभराहून अधिक लहान ओढे तपासले. पाण्याची पातळी ५ सेंटिमीटरने चढली की आपोआप नमुना घेणारी यंत्रं त्यांनी काठावर बसवली होती. पावसानंतरच्या या नमुन्यांत नेहमीच्या नमुन्यांपेक्षा सरासरी दहापट कीटकनाशकं निघाली. सुमारे ८० टक्के ओढ्यांत कुठल्या ना कुठल्या औषधाने जलचरांसाठीची सुरक्षित मर्यादा ओलांडली होती. नेहमीच्या नमुन्यांवर विसंबणाऱ्या कुठल्याही देशाला हे चित्र दिसलं नसतं.

यवतमाळच्या नाल्यावर असं महागडं यंत्र बसवा असं कुणी म्हणणार नाही. पहिल्याच पुरात ते वर्धा नदीला जाऊन मिळेल. पण त्याचा गरीब भाऊ आहे. नाल्याच्या काठी लोखंडी सळई रोवायची, कोरड्या वेळच्या पातळीच्या थोडं वर काचेची बाटली बांधायची; पाणी आत यायला एक नळी, हवा बाहेर जायला दुसरी. पाणी चढलं की बाटली आपोआप भरते आणि पुढचं पाणी वरून निघून जातं. सकाळी जाऊन बाटली काढायची आणि बर्फात ठेवायची. हे काम गावातलं कुणीही करू शकेल. खर्च असतो तो प्रयोगशाळेतल्या तपासणीचा, आणि तोही वर्षभराचा नको: पऱ्हाटीवर फवारणी जोरात असते ते ऑगस्ट ते ऑक्टोबरचे पाऊस पुरेत. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, यवतमाळपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. बर्फ वितळण्याआधी गाडी पोचते.

दुसरा साक्षीदार ओढ्यातच राहतो. दगडाखाली चिकटून बसणारी मे-फ्लाय या कीटकाची पिल्लं इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधांपुढे फार लवकर हार मानतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पाण्यातल्या बिनकण्याच्या जिवांसाठी इमिडाक्लोप्रिडची दीर्घकालीन मर्यादा लिटरमागे अवघी ०.०१ मायक्रोग्रॅम धरली आहे. मे-फ्लाय नाहीशी झाली आणि गाळातल्या चिवट अळ्या तेवढ्या उरल्या, तर पाणी न तपासताही काहीतरी बिनसल्याचं कळतं. जर्मन शास्त्रज्ञांनी यावरूनच नाजूक जातींच्या प्रमाणाचा एक निर्देशांक बनवला आहे. तो आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. आपले बहुतेक नाले डिसेंबरनंतर आटतात आणि कीटक तसेही निघून जातात, म्हणून तुलना करायची ती एकाच हंगामातल्या दोन नाल्यांची: एक कपाशीतून येणारा, दुसरा टिपेश्वरसारख्या जंगलातून उतरणारा.

या सगळ्याचं सगळ्यात पुढारलेलं रूप ऱ्हाईन नदीवर आहे, आणि त्याचा यवतमाळशी एक विचित्र संबंध आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवण्याच्या पाण्याबरोबर टनावारी कीटकनाशकं ऱ्हाईनमध्ये गेली आणि सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. १९९३ मध्ये शहराच्या खालच्या अंगाला, जर्मन हद्दीतल्या व्हाइल आम ऱ्हाईन इथे देखरेख केंद्र सुरू झालं. तिथे नदीचा नमुना रोज तपासला जातो, आणि आता अशा यंत्रांवर, जी यादीत नसलेलं अनोळखी रसायनही पकडतात. काही वावगं दिसलं की खाली नेदरलँड्सपर्यंतच्या पाणीपुरवठा केंद्रांना इशारा जातो. याच बाझेलमध्ये सिंजेंटाचं मुख्यालय आहे. डायफेन्थियुरॉनचं ‘पोलो’ हे औषध त्यांचं. २०१७ च्या विषबाधेवरून २०२१ मध्ये बाझेलच्या न्यायालयात दावा दाखल झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. बाझेलच्या खाली राहणाऱ्याला काल नदीतून काय गेलं ते आज कळतं.

ऱ्हाईनच्या त्या केंद्राचा खर्च जर्मन आणि स्विस अशा दोन्ही बाजू मिळून उचलतात, कारण नदी दोघांची आहे. यवतमाळचा दक्षिणेकडचा ओढा-नाला पूस, अरुणावती, अडाण यांच्यातून पैनगंगेत जातो, आणि पैनगंगा बऱ्याच अंतरापर्यंत महाराष्ट्र-तेलंगणाची हद्द आहे. अलीकडे कपाशी, पलीकडे आदिलाबादची कपाशी, फवारणीचे महिने तेच. पुढे हे पाणी वर्धेत, मग प्राणहितेत आणि गोदावरीत जातं. वर्धेला मिळण्याआधी पैनगंगेवर दोन्ही राज्यांचं एकच केंद्र उभारलं, तर या दोन्ही काठांचा हिशेब एकाच ठिकाणी लागेल. सुरुवात मात्र वर, नाल्यांवरच्या बाटल्यांपासून करावी लागेल. केंद्रात दिसलेलं विष कुठल्या पाणलोटातून आलं ते त्या बाटल्याच सांगतील.