तासगावचे गोपूर आणि गणपतीचा रथ

महाराष्ट्रातली देवळे पाहायची सवय असलेला माणूस तासगावच्या गणपतीसमोर आला की थबकतो. आपल्याकडे देवळाची उंची गाभाऱ्यावर असते. शिखर तिथे, कळस तिथे. दार बहुधा साधे, फार तर वर नगारखाना. तासगावात सगळी उंची दारावर चढवली आहे. सात मजल्यांचे, सुमारे ९६ फुटांचे, वर जाईल तसे निमुळते होत गेलेले गोपूर आणि त्याच्या पोटातून देवाकडे जाणारी वाट. तमिळ मुलखात असली गोपुरे ठायी ठायी दिसतात, कर्नाटकात हंपीला विरूपाक्षाचे आहे. ते रूप कृष्णा-येरळेच्या खोऱ्यात कसे उभे राहिले, हे समजायला पटवर्धनांच्या मोहिमांकडे पाहावे लागते.

पटवर्धन मूळचे कोकणातले, रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. मूळपुरुष हरभट पुळ्याच्या गणपतीचे उपासक. ते इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये झाले आणि त्या निमित्ताने घराणे घाटावर आले. त्यांची मुले पूजेची पळी ठेवून पेशव्यांच्या फौजेत शिरली. १७६४ मध्ये थोरल्या माधवरावांनी या घराण्याला मोठा सरंजाम दिला. त्यामागे हिशेब उघड होता. म्हैसूरकडून हैदर अली चढत होता, आणि कृष्णा व तुंगभद्रा यांमधला मुलूख राखायला तिथेच ठाण मांडून बसणारे सरदार हवे होते. मिरज, तासगाव, कुरुंदवाड ही या घराण्याची ठिकाणे झाली. तासगावच्या शाखेचे परशुरामभाऊ तेव्हा पंचविशीत होते.

पुढची सगळी हयात भाऊंनी दक्षिणेच्या सरहद्दीवर काढली. १७७७ साली सावशीच्या लढाईत हैदराच्या फौजेने पटवर्धनांचा मोड केला. कोन्हेरराव रणात पडले, मिरजकर पांडुरंगराव पकडले गेले आणि श्रीरंगपट्टणच्या कैदेतच वारले. एका घावात घरातली दोन कर्ती माणसे गेल्यावर भार भाऊंवर आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७७९ मध्ये, तासगावच्या देवळाचे काम सुरू झाले. या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत. ज्या घराण्याने कुलाच्या दैवताचे नाव घेऊन तलवार उचलली, त्याने असा तडाखा बसल्यावर त्याच दैवताचे मोठे देऊळ बांधायला घ्यावे, यात मला त्या माणसांचे मन दिसते.

भाऊंचा इतिहास सरळ एकरंगी नाही, आणि त्यांच्या देवळाविषयी प्रेमाने लिहिताना तो लपवू नये. १७९०-९१ मध्ये त्यांनी धारवाडला महिनोन् महिने वेढा दिला. कॅप्टन लिटल याची इंग्रज तुकडी त्यांच्या मदतीला होती. त्या तुकडीतल्या एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने मोहिमेचा वृत्तान्त लिहून १७९४ साली छापला, आणि पुढे १८१० मध्ये हिंदू देवदेवतांवर मोठा सचित्र ग्रंथ काढला. त्याच मोहिमेच्या काळात पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि त्या मठाला मदत केली ती, ज्याच्याविरुद्ध ही मोहीम होती त्या टिपू सुलतानाने. १७९५ साली खर्ड्याला निजामावर मराठ्यांनी मिळवलेल्या विजयात सेनापतिपद भाऊंकडे होते. बालविधवा लेकीचा पुनर्विवाह करावा म्हणून त्यांनी शास्त्रीमंडळींशी खटपट केल्याची हकीकत एकोणिसाव्या शतकातले सुधारक आवर्जून सांगत. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेला शाळामास्तरकी करता करता पटवर्धनांचे दफ्तर चाळले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढायला घेतला, म्हणून हे सगळे आज आपल्याला इतक्या बारकाईने वाचता येते.

सप्टेंबर १७९९ मध्ये पट्टणकुडीला करवीरकरांशी, म्हणजे कोल्हापूरकरांशी, झालेल्या लढाईत भाऊ पडले. देऊळ त्याच साली पुरे झाले, ते त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब यांच्या हातून. म्हणजे पहिल्या दगडापासून वीस वर्षे. या वीस वर्षांत सवाई माधवराव पेशवे आपली उरलेली सगळी हयात जगून गेले, टिपूचे राज्य बुडाले आणि पुण्याची घडी विस्कटली. तासगावात मात्र पाथरवट आणि गवंडी कामावर होते.

गोपूर बांधायची दक्षिणेतली रीत शहाणपणाची आहे. खालचा भाग दगडाचा, कारण सगळा भार तिथे येतो. वरचे मजले विटांचे आणि चुन्याचे, म्हणजे उंची वाढली तरी ओझे आटोक्यात राहते. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा आखूड, त्यामुळे भार मध्याकडे सरकतो आणि इमारत स्वतःच्याच वजनाने घट्ट बसते. पण गोपुराचे मोल नुसत्या बांधणीत नाही. गाभाऱ्यावरचे शिखर आत आलेल्या माणसासाठी असते, गोपूर बाहेरच्यासाठी. शेतात वाकलेल्या, बाजाराला निघालेल्या, ज्याला त्या दिवशी देवळात पाऊल टाकायला सवड नाही अशा माणसालाही ते दुरून दिसते आणि त्याचा हात आपोआप छातीशी जातो. आत उजव्या सोंडेचा गणपती आहे. संस्थानाच्या नावात ‘पंचायतन’ आहे. गणपती मधोमध आणि भोवती शिव, विष्णू, देवी, सूर्य, अशी ही स्मार्तांची उपासना.

या गोपुराला जोड आहे ती रथाची, आणि माझ्या मते ही दोन्ही एकाच कल्पनेची अंगे आहेत. दक्षिणेतल्या मोठ्या देवळांना गोपूर असते तसा रथही असतो. एरवी माणसे गोपुराखालून आत जातात, वर्षातून एकदा देव त्याच वाटेने बाहेर येतो. भाऊंनी दक्षिणेतून नुसता उंच दरवाजा आणला असता तर ती सरदारी हौस ठरली असती. त्यांनी दरवाजाबरोबर देवाला रस्त्यावर आणायची चालही आणली. म्हणून हे देऊळ गावाचे झाले.

तासगावचा गणेशोत्सव दीड दिवसाचा. चतुर्थीला प्रतिष्ठापना आणि ऋषिपंचमीला रथोत्सव. बाकीचा महाराष्ट्र अजून आरास पाहायला बाहेर पडलेला नसतो, तेव्हा तासगावचे विसर्जन होऊनही जाते. सुमारे ३० फूट उंचीचा, मजल्यावर मजले चढवलेला लाकडी रथ. केळीचे खुंट, नारळाची तोरणे, फुलांच्या माळा. आत पंचधातूची उत्सवमूर्ती. पुढे हत्तीण, झांजा, ढोल, लेझीम. रथाला ना इंजिन, ना बैल. जाड दोरखंड बांधलेले असतात आणि ते ओढायला शेकडो हात. ‘मंगलमूर्ती मोरया’चा घोष उठला की दोर ताणले जातात, रथ क्षणभर जागचा हलत नाही, मग लाकूड करकरते आणि तो निघतो. वरून गुलाल आणि पेढ्यांची उधळण चाललेली असते. तालुक्यातले शेतकरी, सांगली-मिरजेचे भाविक, पुण्यामुंबईहून त्या दिवसासाठी गावी आलेले तासगावकर, सगळे एकाच दोराला लागतात.

रथ जातो कुठे? काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत. गावाच्या भाषेत ही बापलेकाची भेट. तिथे कापूर ओढ्यात चतुर्थीला बसवलेल्या मूर्तीचे विसर्जन होते आणि रथ पुन्हा आपल्या देवळाकडे वळतो. अंतर फार नाही. अवजड रथ गर्दीतून नेऊन परत आणायचा म्हटले की तेवढ्यालाच दुपारची संध्याकाळ होते.

टिळकांनी १८९३-९४ च्या सुमारास सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, हे आपण शाळेपासून शिकतो आणि ते खरेच आहे. तासगावचा रथ त्याच्या शंभरेक वर्षे आधीचा. तो संस्थानिकांचा उत्सव होता, लोकांनी उभारलेला नव्हे, हा फरक मान्य करायला हवा. तरी एवढे निश्चित की गणपतीला घरातून, देवळातून काढून रस्त्यावर आणणे आणि साऱ्या गावाने मिळून त्याला ओढत नेणे ही गोष्ट दक्षिण महाराष्ट्राला आधीपासून ठाऊक होती. तासगावचे राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, रथ चालूच राहिला.

असा प्रचंड रथ चालवायचे कौशल्य जगात अनेक ठिकाणी माणसांनी स्वतंत्रपणे साधले आहे. आपल्याच जळगावात १८७२ पासून कार्तिकी एकादशीला रामाचा रथ निघतो. तिथे चाकाखाली लाकडी मोगरी लावून रथाला वळण देतात आणि थांबवतात, आणि मोगरी लावणाऱ्याची नजर व हात हीच रथाची सुरक्षितता असते. जपानमधल्या क्योटोला आजकाल मराठी पर्यटक मोठ्या संख्येने जातात. पण जुलैत गेलेल्यांनाच गिओनची यात्रा दिसते. तिचे मूळ इ. स. ८६९ मधले, साथीचा रोग हटावा म्हणून केलेल्या विधीतले. मोठे रथ सुमारे २५ मीटर उंच आणि बारा टनांच्या आसपास वजनाचे. खिळा न मारता, गवताच्या दोरांनी आवळून ते दर वर्षी बांधतात आणि यात्रेनंतर सोडवून ठेवतात. त्यांना सुकाणू नसते. चौकात वळायचे असले की चाकांखाली ओल्या बांबूच्या चिपा अंथरतात आणि माणसे आडव्या दिशेने दोर ओढून सारा रथ घसरत फिरवतात. पंधराव्या शतकातल्या यादवी युद्धाने ही यात्रा काही दशके बंद पाडली होती. पुढे गल्लीगल्लीच्या लोकांनी ती पुन्हा सुरू केली, आणि आजही एकेका रथाचा भार एकेका मोहल्ल्यावर असतो.

क्योटोला गणपतीही आहे. नवव्या शतकाच्या सुरुवातीला बौद्ध पंथांबरोबर तो चीनमार्गे जपानला पोचला आणि तिथे कांगितेन झाला. पुष्कळदा गजमुखाच्या दोन मूर्ती एकमेकींना आलिंगन दिलेल्या असतात, आणि त्या झाकूनच ठेवतात, भक्तांनाही दिसत नाहीत. त्याला मुळा वाहतात. क्योटोतले १६१७ पासूनचे एक मिठाईचे दुकान त्याच्यासाठी तिळाच्या तेलात तळलेला, वर चुण्या घातलेला एक पदार्थ करते. आपली कोणतीही आजी त्याला बघताक्षणी तळणीचा मोदक म्हणेल. तिकडचा गणपती असा पडद्याआड. इकडे तासगावात तो भर दुपारी, गुलालात, लोकांच्या हातांनी रस्त्यावर येतो. मला स्वतःला हा उघडा, धक्काबुक्कीत सामील होणारा देव जवळचा वाटतो.

आजचे तासगाव बाजारपेठेचे गाव आहे. बेदाण्याच्या सौद्यांना दूरदूरचे व्यापारी येतात, भोवती द्राक्षबागांचा पसारा आहे. ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात याच तालुक्यातल्या बोरगावची, आणि ती राज्यभर लावली जाते. कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे शोभेच्या दारूची आतषबाजी होते, तिचीही ख्याती मोठी. पाऊस कमी, विहिरी खोल, आणि एका अवकाळी रात्रीत हंगाम हातचा जाऊ शकतो, असा हा मुलूख. इथला बागायतदार छाटणीची तारीख ठरवतो, औषधाचा डोस ठरवतो आणि मग गणपतीचे नाव घेतो. त्यामुळे पंचमीच्या दोराला लागलेले हात हे हौशी प्रेक्षकांचे हात नाहीत.

या वारशाची आबाळ मात्र मला खुपते. आपण लांबच्या देवळांचे मजले मोजून येतो आणि तासगाव आपल्याला गाडीच्या खिडकीतून दिसलेले असते, तेवढेच. रथोत्सवाच्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो येतो, पण अठराव्या शतकातल्या मराठी सरदाराने दक्षिणेची शैली इथे कशी उतरवली, चुन्याचे आणि विटांचे काम कोणत्या कारागिरांनी केले, रथाची लाकडे कशी जोडली, याचा नीट अभ्यास स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा असे हे प्रकरण आहे. सांगली आणि कोल्हापूरच्या महाविद्यालयांना तर ते अगदी दारात आहे. गोपुराचे मजल्यागणिक मोजमाप, रथ ओढणाऱ्या आणि सजवणाऱ्या जुन्या मंडळींच्या मुलाखती, या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. जाणती माणसे हयात असताना त्या व्हायला हव्यात.

वाचकांना माझे सांगणे इतकेच, की तासगावला दोनदा जा. एकदा ऋषिपंचमीला, सकाळी लवकर पोचा आणि दोराला हात लावा. दुसऱ्यांदा एखाद्या बिनगर्दीच्या दिवशी जा, म्हणजे गोपुराखाली उभे राहून सातही मजले सावकाश पाहता येतील. सांगलीहून अंतर जेमतेम २५ किलोमीटर आहे आणि एसटी मिळते.