दुपारी नेट अडकतंय? आधी टीव्ही युनिटचं दार उघडा

एप्रिल लागला की एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. सकाळी नेट झकास चालतं, दुपारी अडीच-तीनला अडकतं, रात्री नऊ-दहानंतर आपोआप सुरळीत होतं. लातूरला नीटच्या ऑनलाइन मॉक टेस्ट देणाऱ्या पोरापोरींसाठी ही नुसती कटकट नाही, सबमिट करताना वाय-फाय गेलं तर सगळी मेहनत पाण्यात. मग नेटवाल्याला शिव्या. कधी दोष त्याचाच असतो, पण मी आधी एकच विचारतो, राउटर ठेवलाय कुठं? उत्तर ठरलेलं: "टीव्ही युनिटमध्ये. वायरी दिसू नयेत म्हणून."

घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान साधारणपणे ० ते ४० अंश सेल्सिअस असं छापलेलं असतं. प्लेस्टेशन ५ साठी सोनीने ५ ते ३५ अंश सांगितलंय. आता नांदेडचा मे आठवा. बाहेर ४२-४३, आणि वर पत्रे किंवा तापलेला स्लॅब असेल तर खोलीत ३७-३८ सहज. म्हणजे राउटर टेबलावर उघडा असला तरी त्याला दोन-तीन अंशांचीच उसंत उरते. थंड गावात जे बंद कपाट खपून जातं, ते इथं खपत नाही. आणि युनिटचं डिझाइन आपण कुठल्यातरी एसी फ्लॅटच्या फोटोवरून उचललेलं असतं!

कपाटात नेमकं काय होतं त्याचा मी ढोबळ हिशोब मांडला. २ फूट रुंद, सव्वा फूट खोल, १ फूट उंच असा एक कप्पा धरा. त्यात साधारण ७० लिटर हवा मावते, तिचं वजन जेमतेम ८० ग्रॅम. सेट-टॉप बॉक्स आणि राउटर मिळून २० वॅट खात असतील तर ते सगळे २० वॅट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतात. एवढीशी हवा त्यावर दर चार सेकंदाला एक अंश तापू शकते. सुदैवाने थोडी उष्णता प्लायमधून बाहेर झिरपते, पण लाकूड उष्णता सहज जाऊ देत नाही. १८ एमएमचा प्लाय आणि मागे भिंत धरली तर आतली हवा खोलीपेक्षा ८ ते १० अंश वर जाऊन थांबते. ३८ मध्ये ९ मिळवा, झाले ४७. त्याच कप्प्यात २०० वॅट खाणारा गेमिंग कन्सोल ठेवला तर हिशोब इतका वर जातो की तो मांडण्यात अर्थ नाही, कन्सोल त्याआधीच स्वतःला बंद करून घेतो.

उन्हात फोन तापला की तो ब्राइटनेस कमी करतो, कॅमेरा बंद करतो, स्क्रीनवर तसं लिहून सांगतो. राउटरला स्क्रीन नाही. तो गुपचूप मंदावतो, नाहीतर रीस्टार्ट होतो. शिवाय आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे.

दोष गरमीचा की लाइनचा, हे फोनवर तपासता येतं. नेट अडकल्यावर वाय-फाय चालू ठेवून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका (खालच्या स्टिकरवर असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१). ते पान झटकन उघडलं आणि नेट मात्र नाही, तर बहुधा बाहेरची लाइन गेलीय, तक्रार खुशाल करा. पानच उघडत नसेल तर गडबड घरात. पानावर अपटाइम दिसत असेल तर तोही बघा. वीज गेलेली नसताना तो दहा मिनिटं दाखवत असेल, तर राउटर स्वतःहून बंद होऊन सुरू झालाय. मग दोन-तीन दुपारी त्याला कपाटाबाहेर ठेवून बघा, खर्च शून्य.

फरक पडला तर राउटर कायमचा बाहेरच ठेवा, माझं मत स्पष्ट आहे. कपाटात सिग्नलही मार खातो, टीव्हीच्या मागे तर जास्तच. सेट-टॉप बॉक्स आत राहू दे, पण त्याच्यावरचा विणलेला रुमाल आधी काढा (आजीला मी सांगितलं म्हणून सांगा). बॉक्सवर बॉक्स रचू नका. आणि रिमोटने बंद केलेले बरेच बॉक्स आतून जागेच असतात, दुपारी भिंतीवरचं बटन बंद करा.

सुतार म्हणेल, मागे वायरींसाठी भोकं आहेत की! दोन इंची दोन भोकं, एक खाली आणि एक वर धरलं, तरी आतली हवा १० अंश जास्त तापलेली असताना त्यातून जेमतेम ४ वॅट उष्णता बाहेर जाते. आपल्याला २० घालवायचेत. त्यापेक्षा त्या कप्प्याचा मागचा प्लाय पूर्ण काढा आणि युनिट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे घ्या. युनिट भिंतीत ठोकलेलं असेल तर पंखा लागेल. ५ व्होल्टचा, यूएसबीवर चालणारा ८० एमएमचा पंखा वरच्या बाजूला, गरम हवा बाहेर फेकेल असा लावा, आणि खाली हवा आत यायला वाट ठेवा. ती वाट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो. १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा यूएसबीवर नीट फिरत नाही, काही तर सुरूच होत नाहीत. पाल शिरू नये म्हणून जाळी लावली तर महिन्यातून एकदा झाडा, आपल्याकडची धूळ तिला आठवड्यांत बुजवते.

कूलर खोली थंड करतो, म्हणून कपाटालाही मदतच होते, फक्त झोत थेट आत सोडू नका. बोअरच्या पाण्याचे तुषार सुकले की पांढरा क्षार उरतो, तो सर्किटवर नको. आणि कूलरवर विसंबूनही राहू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा कूलरची टाकी भरणार कोण?

राहिला राउटरचा छोटा यूपीएस. तो मात्र आजच कपाटाबाहेर काढा. त्यात बहुतेक वेळा लिथियम सेल असतात, आणि ते चार्ज करण्याची नेहमीची मर्यादा ४५ अंशांची असते. वरच्या हिशोबातली ४७ ही दुपार त्याच्या पलीकडची आहे. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी तर बंद कप्प्यात कधीच नको. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला मोकळी हवा लागते.